रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक का असते

"टाकी रिकामी हाय ओ, काय होत नाही, मारा वेल्डिंगचा टाका." हे वाक्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, ऊस ट्रॉली दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये नाहीतर गावाकडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं रोज कुणीतरी म्हणत असतं. आणि अधूनमधून पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, बॅरलला वेल्डिंग करताना स्फोट, कामगार ठार, आणि कारण दिलेलं असतं 'टाकीत गॅस तयार झाल्याने'. हे वाचलं की मला फार अस्वस्थ व्हायला होतं, कारण तो गॅस एकतर आधीपासून तिथंच असतो नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेनं आपणच तो बनवतो, आणि हे दोन्ही समजायला दहावीचं विज्ञान पुरतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के आहे. हवेत वाफ १.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ज्योत पुढं सरकत नाही, ७.६ पेक्षा जास्त असेल तर जळायला ऑक्सिजन पुरत नाही. जुन्या स्कूटरला चोक देऊन किक मारत बसलं की गाडी 'ओव्हर' व्हायची, प्लग ठिणगी देतोय, पेट्रोल भरपूर आहे आणि तरी इंजिन चालू होत नाही, तिथं हेच झालेलं असायचं, मिश्रण वरच्या मर्यादेच्या पलीकडं गेलेलं.

आता भरलेली टाकी बघा. पेट्रोलच्या वर जी थोडी जागा उरते तिथं वाफ इतकी दाट असते की ती ७.६ च्या कितीतरी वर जाते, म्हणून आतल्या आत स्फोट सहसा होत नाही. याचा अर्थ भरलेल्या टाकीला वेल्डिंग करा असा अजिबात नाही, कारण झाकणापाशी, भोकापाशी जिथं वाफ बाहेरच्या हवेला भेटते तिथं ती पेटणारच आणि पत्रा फुटला तर सगळं पेट्रोल अंगावर. पण टाकी रिकामी केली, झाकण उघडून दोन दिवस उन्हात ठेवली, की दाट वाफ हळूहळू पातळ होत जाते आणि पातळ होता होता नेमकी त्या १.४ ते ७.६ च्या पट्ट्यात येते. अर्धवट साफ केलेली टाकी म्हणूनच सगळ्यात वाईट. जो माणूस "मी काळजी घेतली, वाळवली" म्हणतो त्यानंच ती स्फोटाच्या मापात आणून ठेवलेली असते.

किती पेट्रोल लागतं यासाठी? हा हिशोब मला फार आवडतो, थोडा धीर धरा. २०० लिटरच्या बॅरलचे १.४ टक्के म्हणजे २.८ लिटर वाफ. आपल्या रोजच्या तापमानाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४ लिटर जागा घेतो, म्हणजे २.८ लिटर वाफ झाली ०.११७ मोल, पेट्रोलचा सरासरी रेणूभार सोयीसाठी १०० धरला तर ११-१२ ग्रॅम, आणि पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळं ते झालं १५-१६ मिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचं टोपण असतं तेवढं! वरच्या मर्यादेचा हिशोब केला तर ८५ मिलीच्या आसपास येतं. बॅरलच्या तळाला, कडेच्या घडीत, गंजाच्या खपलीखाली एवढं पेट्रोल सहज राहतं आणि बॅरल उलटं करून हलवलं तरी आवाजसुद्धा येत नाही.

बरं, पेटल्यावर काय होतं? आतला वायू एका क्षणात २००० अंशांच्या आसपास तापतो आणि बंद जागेत दाब सात-आठ पट व्हायला बघतो. बॅरलच्या बुडाचं क्षेत्रफळ साधारण २५०० चौरस सेंटिमीटर. दाब नुसता एक वातावरण वाढला तरी त्या बुडावर अडीच टन जोर येतो, दोन वाढला तर पाच टन. बॅरल सात पटीपर्यंत थांबत नाही, त्याच्या कितीतरी आधी बूड उडतं, आणि वेल्डर वाकून त्याच्यासमोरच बसलेला असतो.

ठिणगीचं म्हणाल तर अशी वाफ पेटवायला ज्यूलच्या हजाराव्या भागाचाही पाव भाग पुरतो. वेल्डिंगची आर्क १०० अँपिअर आणि २५ व्होल्टवर सेकंदाला २५०० ज्यूल ओतत असते, म्हणजे पेटवायला लागते त्याच्या एक कोटी पट. त्यामुळं "नुसता एकच टाका मारतो" याला काही अर्थ उरत नाही.

वाफ जड असते हाही मुद्दा आहेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती तळाला बसते, वरचं झाकण उघडून ती निघून जाईल ही आशा खोटी. उलट गोबरगॅसचा लोखंडी ड्रम घ्या, आपल्या जिल्ह्यात गोबरगॅसची सयंत्रं भरपूर आहेत आणि ड्रम गंजला की गावातल्याच वेल्डरला बोलावतात. गोबरगॅसमधला मिथेन हवेपेक्षा हलका, तो ड्रमच्या आत वरच्या बाजूला अडकून राहतो, खालून कितीही हवा खेळली तरी. मिथेनचा पट्टा ५ ते १५ टक्के. ड्रम बाहेर काढून पूर्ण उलटा केला, पाण्यानं आतून धुतला, मगच वेल्डिंग.

डिझेल, ऑइल, मळी, डांबर असलेल्या टाकीबद्दल लोक अजूनच बेफिकीर असतात, कारण "डिझेल काडीनं पेटत नाही". खरं आहे, थंड असताना पेटत नाही. प्रत्येक द्रवाचं एक तापमान असतं, ज्याच्या वर त्याची पेटण्याइतकी वाफ तयार होते. पेट्रोलचं ते शून्याच्या खाली ४० अंश, म्हणून ते कायम तयार. डिझेलचं साधारण ४० ते ६० अंशांच्या घरात. आता पत्र्यावर रॉड टेकवला की आतल्या बाजूला चिकटलेला डिझेलचा थर काही सेकंदांत शंभर-दोनशे अंशांवर जातो. म्हणजे सकाळी टाकीतला पेटणारा गॅस मोजणारा मीटर लावला तर शून्य, आणि काम सुरू केल्यावर पाच मिनिटांनी टाकीत स्फोटक मिश्रण. मीटर आधी लावायचा आणि काम चालू असतानाही लावायचा तो यासाठी.

अपघात झाला की काहीजण म्हणतात अमावस्येला काम काढलं, शेडला नजर लागली. खंडेनवमीला मशीनची पूजा मीही मनापासून करतो, त्याला माझी हरकत नाही. पण नजर म्हटलं की बॅरलमध्ये आधी काय होतं हे कुणी विचारतच नाही आणि पुढचं बॅरल साध्या बुधवारी फुटतं. रील बघून सायलेन्सरचा धूर टाकीत सोडणारेही आहेत, की धुरामुळं ऑक्सिजन संपतो म्हणून. डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर त्याच्या धुरात १५-१८ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, तेवढा पेट्रोलच्या वाफेला पुरून उरतो. ही युक्ती कृपा करून सोडून द्या.

मग करायचं काय? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातच कलम ३७ मध्ये लिहिलेलं होतं की ज्या टाकीत पेटणारा पदार्थ होता तिला तो पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंग-कटिंग करायचं नाही, आणि धातू पुरेसा थंड होईपर्यंत तो पदार्थ परत भरायचा नाही. प्रत्यक्षात म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा डिटर्जंटच्या गरम पाण्यानं धुणं, आत पाण्याची वाफ (स्टीम) सोडणं, आणि जमत असेल तर वेल्डिंगच्या जागेच्या थोडं खालपर्यंत पाणी भरून वरचं तोंड उघडं ठेवणं, म्हणजे पेटणाऱ्या वाफेला जागाच उरत नाही. नायट्रोजन भरायचा तर आतला ऑक्सिजन मोजून, अंदाजानं नाही, आणि त्या टाकीत कुणी डोकं घालायचं नाही, माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत ऑफ सिझनला अशी कामं निघतात तिथं हे परमिटशिवाय, म्हणजे लेखी परवानगीशिवाय, होताच कामा नये.

ठिणग्यांचं थोडक्यात सांगतो. वितळलेल्या लोखंडाचे थेंब १० मीटरपर्यंत जातात, फटीतून खालच्या मजल्यावरही पडतात. बगॅस (उसाचा चोथा), भुसा, कापूस यात पडला तर ज्वाळा दिसत नाही, आत धुमसत राहतं, म्हणून काम संपल्यावर एक तास कुणीतरी पाण्याची बादली घेऊन तिथं थांबायचं. अंगावरची धूळ ऑक्सिजनच्या पाइपनं उडवायची नाही, कपड्यात ऑक्सिजन मुरला की एका ठिणगीनं माणूस पेटतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ग्रीस, तेल अजिबात नाही.

आणि ट्रॉलीवाल्यांसाठी एक वेगळं. चाकाच्या डिस्कला तडा गेला की टायर न काढता, नुसती हवा सोडून वेल्डिंग करतात. रिम तापली की आतलं रबर तापून त्यातून पेटणारे वायू निघतात, टायरच्या पोकळीत हवेत मिसळतात आणि टायर बॉम्बसारखा फुटतो, कधीकधी वेल्डिंग संपल्यावरसुद्धा. हवा सोडून भागत नाही, टायर रिमवरून पूर्ण उतरवायचा, ट्यूब काढायची, मगच वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायचा.