९४१ मेगाबिट : नेटवर्कची गती मोजताना

दोन संगणक गिगाबिट क्षमतेच्या केबलने एकमेकांना जोडावेत, दोन्हींवर आयपर्फ३ हे गती मोजणारे छोटेसे साधन चालवावे आणि दहा सेकंद वाट पाहावी. सारे काही ठीक असेल, तर शेवटच्या ओळीत जवळजवळ हमखास एकच आकडा उमटतो : प्रति सेकंद ९४१ मेगाबिट. केबल बदलली किंवा संगणक बदलले तरी तो फारसा हलत नाही. नेटवर्क कार्डाची क्षमता तर १००० मेगाबिटांची असते. मग उरलेले ५९ मेगाबिट गेले कुठे? पहिल्यांदा हा आकडा पाहणाऱ्याला कुठेतरी बिघाड असल्याची शंका येते. वास्तविक हा आकडा म्हणजे बिघाड नसल्याची खूण आहे.

माहिती तारेवरून सलग धारेसारखी वाहत नाही; ती पॅकेटांमध्ये विभागून जाते, आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता, क्रमांक, तपासणीची खूण असा मजकूर चढवावा लागतो. इथरनेटच्या, म्हणजे केबलने संगणक जोडण्याच्या प्रचलित पद्धतीच्या, नेहमीच्या मांडणीत एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. त्यांतले २० बाइट आयपीच्या (पत्ता सांभाळणाऱ्या नियमावलीच्या) मथळ्यासाठी, २० टीसीपीच्या (माहिती क्रमाने आणि न गळता पोहोचवणाऱ्या नियमावलीच्या) मथळ्यासाठी आणि बहुतेक वेळा १२ बाइट वेळेच्या नोंदीसाठी खर्च होतात, म्हणजे आपल्या माहितीच्या वाट्याला १४४८ उरतात. याशिवाय इथरनेटचा स्वतःचा मथळा १४ बाइटांचा, शेवटची तपासणी-खूण ४ बाइटांची, सुरुवातीचा इशारा ८ बाइटांचा आणि दोन पॅकेटांमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा १२ बाइटांएवढी असते. अशा रीतीने १४४८ बाइट पोहोचवण्यासाठी तार १५३८ बाइटांएवढा वेळ अडून राहते. १४४८ ला १५३८ ने भागले की ०.९४१ येतात. कागदावरचे गणित आणि पडद्यावरचा आकडा तिसऱ्या अंकापर्यंत जुळण्याचे असे प्रसंग मोजमापाच्या व्यवहारात विरळाच येतात, म्हणून नेटवर्कचे काम करणाऱ्यांना ९४१ हा आकडा पाठ असतो.

आयपर्फ३ वापरण्याची पद्धत साधी आहे. एका संगणकाच्या टर्मिनलमध्ये साधनाच्या नावापुढे ‘-एस’ लिहिले की तो सर्व्हर होऊन ५२०१ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहत बसतो. दुसऱ्यावर ‘-सी’ आणि त्यापुढे पहिल्याचा आयपी पत्ता लिहिला की तो क्लायंट होतो आणि चाचणी सुरू होते. (आज्ञेतली अक्षरे अर्थातच रोमन लिपीत टंकायची असतात.) दर सेकंदाला एक ओळ उमटते आणि दहा सेकंदांनी सरासरी मिळते. या चाचणीत पाठवली जाणारी माहिती एका संगणकाच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत जाते, तिला डिस्कचा स्पर्श होत नाही. एखादी मोठी फाइल पाठवून लागलेला वेळ मोजण्यापेक्षा ही पद्धत सरस ठरते ती यामुळेच. फाइल पाठवताना नेटवर्क मंद आहे की डिस्क, हे कळायला मार्ग नसतो. तरीही मिळणारा आकडा केवळ तारेचा नसतो, दोन्ही टोकांच्या संगणकांचाही असतो. शंका असेल तर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही एकाच संगणकावर चालवून पाहावेत. तिथे तारच नसल्याने मिळणारा आकडा हा त्या संगणकाच्या स्वतःच्या मर्यादेचा अंदाज असतो आणि तोच अपुरा निघाला, तर केबलला दोष देण्यात अर्थ नाही.

आकड्याचे एकक मात्र नीट पाहावे. आयपर्फ३ बिटांत बोलते, तर फाइल उतरवून घेणारे बरेचसे प्रोग्राम बाइटांत. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ९४१ मेगाबिट म्हणजे सुमारे ११८ मेगाबाइट, आणि या आठपटींच्या फरकामुळे निष्कारण तक्रारी उद्भवतात.

चाचणी टीसीपीची असेल, तर पाठवणाऱ्या बाजूला गतीशेजारी आणखी दोन रकाने दिसतात. पहिल्यात किती पॅकेट पुन्हा पाठवावी लागली याची मोजणी असते, दुसऱ्यात ‘कंजेशन विंडो’, म्हणजे पोच मिळण्याआधी किती माहिती वाटेत सोडण्याची मुभा टीसीपीने स्वतःला दिली आहे, तो आकडा. हे रकाने समजायचे तर १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यातली एक घटना ठाऊक असायला हवी. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर केवळ ४०० यार्डांचे. पण त्या महिन्यात दोहोंमधील माहितीचा वेग प्रति सेकंद ३२ हजार बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. तारा शाबूत होत्या. गर्दीमुळे पॅकेट हरवत होती, ती हरवली म्हणून संगणक ती पुन्हा पाठवत होते आणि त्या पुनःप्रेषणाने गर्दी आणखी वाढत होती. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा अभ्यास करून १९८८ मध्ये उपाय मांडला : सुरुवात थोड्या पॅकेटांनी करावी, पोच येत जाईल तसा पसारा वाढवावा आणि पॅकेट हरवले की ताबडतोब आखडता हात घ्यावा. आजही चाचणीचा पहिला सेकंद बऱ्याचदा कमी गती दाखवतो, तो या सावध सुरुवातीमुळे. सरासरीत तो मोजायचा नसेल, तर ‘-ओ’ हा पर्याय, मोठ्या लिपीतला, सुरुवातीचे ठरावीक सेकंद वगळून देतो.

लांबच्या अंतरावर मोजमापाचे स्वरूप पालटते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरच्या अंतरामागे जाण्यायेण्याचा एक मिलिसेकंद कोणत्याही उपायाने वाचवता येत नाही. हा फेरीचा वेळ पिंग ही आज्ञा मोजते. ती माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत लिहिली आणि पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिले. (टेरी स्लॅटरी यांच्यासोबत ‘टीटीसीपी’ हे गती मोजणारे साधन लिहिणारेही हेच मूस, आयपर्फ त्याच परंपरेतले.) आता समजा, फेरीचा वेळ १०० मिलिसेकंद आहे आणि पोच मिळण्याआधी ६४ किलोबाइटच पाठवता येतात. मग सेकंदाला दहाच फेऱ्या होणार आणि वेग सव्वापाच मेगाबिटांच्या आसपास अडकणार, मधली तार गिगाबिटची असो वा दहा गिगाबिटची. टीसीपीच्या मूळ रचनेत ६४ किलोबाइट ही खरोखरच कमाल मर्यादा होती. ती ओलांडण्याची सोय १९९२ मध्ये प्रमाणित झाली. तारेची क्षमता आणि फेरीचा वेळ यांचा गुणाकार केला, की तार भरलेली राखण्यासाठी एकावेळी किती माहिती वाटेत असायला हवी हे कळते. १०० मेगाबिटांची जोडणी आणि १०० मिलिसेकंदांची फेरी असेल, तर हा गुणाकार सव्वा मेगाबाइटचा होतो. एका प्रवाहाने वेग अपुरा दिसत असताना ‘-पी’ या पर्यायाने, हाही मोठ्या लिपीतला, चार-आठ समांतर प्रवाह सोडून पाहावेत. एकूण वेग एकदम वाढला, तर वाटेत क्षमता शिल्लक आहे आणि एकट्या प्रवाहाला विंडो किंवा पॅकेटांची गळती आडवी येत आहे, असा अर्थ निघतो.

आयपर्फ३ मध्ये माहिती एरवी क्लायंटकडून सर्व्हरकडे जाते आणि नवख्यांच्या ते ध्यानात राहत नाही. घरगुती जोडण्यांत अपलोड आणि डाउनलोड यांची क्षमता बऱ्याचदा वेगळी असते, म्हणून मोठ्या लिपीतल्या ‘-आर’ने दिशा उलटी करून चाचणी दुसऱ्यांदा घेणे गरजेचे आहे. ‘-यू’ लावून यूडीपीची, म्हणजे पोच न मागता पॅकेट सोडणाऱ्या पद्धतीची, चाचणी घेतली, तर आणखी एक फजिती वाट पाहत असते : पडद्यावर सेकंदाला एकच मेगाबिट दिसतो. यूडीपीला टीसीपीसारखा आपोआप वेग ठरवता येत नाही आणि सांगितल्याखेरीज हे साधन एक मेगाबिटच पाठवते. हवा तो वेग ‘-बी’ने स्वतः सांगावा लागतो. त्याच्या बदल्यात यूडीपीच्या अहवालात गळालेल्या पॅकेटांचे प्रमाण आणि जिटर, म्हणजे पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतली अनियमितता मिळते. बोलण्याच्या किंवा व्हिडिओ कॉलच्या दृष्टीने हेच आकडे वेगापेक्षा मोलाचे असतात.

माझ्या मते मात्र सर्वांत उपयोगाची चाचणी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून होते. एका टर्मिनलमध्ये पिंग चालू ठेवावे, काही सेकंद आकडे स्थिरावू द्यावेत आणि मग दुसऱ्यात आयपर्फ३ सुरू करावे. आतापर्यंत २० मिलिसेकंद दाखवणारे पिंग कित्येकदा काही शे मिलिसेकंदांवर उडी मारते आणि चाचणी संपताच पूर्ववत होते. राउटर किंवा मोडेममध्ये येणारी पॅकेट तात्पुरती साठवण्यासाठी जागा असते. ती जागा एक मेगाबाइटची आणि अपलोडची क्षमता दहा मेगाबिटांची असेल, तर रांग भरल्यावर नव्याने आलेल्या प्रत्येक पॅकेटला बाहेर पडायला ०.८ सेकंद थांबावे लागते. मेमरी स्वस्त झाली तशा या रांगा लांबत गेल्या. पॅकेट गळू नयेत या सद्हेतूने दिलेल्या जागेमुळे टीसीपीला गर्दीचा इशाराच उशिरा मिळू लागला. संगणक-अभियंते जिम गेटिस यांनी या प्रकाराला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. जोडणीचा वेग कागदोपत्री उत्तम असतानाही घरात कोणी मोठी फाइल पाठवू लागले की बाकीच्यांचे बोलणे तुटू लागते, त्यामागे बहुधा हेच कारण असते, आणि गतीचा एकटा आकडा ते कधीच उघड करत नाही.

यावरचा कोडेल हा उपाय २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी मांडला. रांगेत किती पॅकेट साठली हे मोजण्याऐवजी प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे तो पाहतो, आणि हा वेळ पाच मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला की अधूनमधून एखादे पॅकेट जाणूनबुजून टाकून देतो. ते हरवले हे लक्षात येताच पाठवणारा टीसीपी वेग कमी करतो आणि रांग ओसरते. राउटरमध्ये अशी सोय असेल तर ती चालू करून, आणि रांग मोडेमऐवजी राउटरमध्येच लागावी म्हणून त्याची वेगमर्यादा जोडणीच्या क्षमतेपेक्षा किंचित खाली ठेवून, दोन खिडक्यांची चाचणी पुन्हा घ्यावी. या वेळी आयपर्फ३चा आकडा थोडा घटलेला आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा रकाना थोडा वाढलेला दिसेल, आणि शेजारच्या खिडकीतले पिंग भर गर्दीतही जवळपास जागच्या जागी राहील.