दगडाखालचे किडे आणि नदीची तब्येत: ही पद्धत आली कुठून

पावसाळा संपून ओढ्याचं पाणी नितळ झालं की सह्याद्रीत कुठेही घोटाभर पाण्यातला एखादा दगड हळूच उचलून उलटा करून बघा. खालच्या ओल्या बाजूला चपट्या अंगाचं, बहुतेक वेळा तीन शेपट्यांचं काहीतरी खेकड्यासारखं तिरकं पळताना दिसेल. ते मेफ्लाय नावाच्या नाजूक उडणाऱ्या कीटकाचं पिल्लू. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात, त्यातूनच ते श्वास घेतं, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला किंवा वरून गाळ बसला की हे सुरुवातीलाच मरतं. शहराखालच्या नदीत तोच दगड उचलला तर काळा चिखल आणि लाल अळ्या मिळतात. त्या लाल का, तर त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, जेमतेम ऑक्सिजनवर सुद्धा त्या तग धरतात.

कोण आधी जातं आणि कोण शेवटपर्यंत टिकतं, किड्यांवरून नदीची तब्येत ओळखायची सगळी पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

याची नीट मांडणी पहिल्यांदा जर्मनीत झाली. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०२ पासून यावर लिहायला सुरुवात केली, १९०८ ला वनस्पतींची आणि १९०९ ला प्राण्यांची यादी दिली. सांडपाणी नदीत पडतं तिथून खाली चालत गेलं की पाणी हळूहळू स्वतःला साफ करत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळे जीव सापडतात, तर त्यांनी या टप्प्यांनाच नावं दिली, अतिशय घाण ते जवळजवळ स्वच्छ. याला सॅप्रोबिक पद्धत म्हणतात. पण त्यात प्रत्येक जीव जातीपर्यंत ओळखावा लागायचा, आणि ते काम तज्ज्ञाचंच.

खरा बदल झाला इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीवर. स्टोकच्या चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने हिच्याच काठचे, आणि बर्मिंगहॅमची घाण टेम नदीतून हिलाच येऊन मिळायची. ट्रेंट रिव्हर बोर्डाच्या वुडिविस यांनी १९६४ मध्ये एक साधा तक्ता छापला. घाण वाढत गेली की आधी स्टोनफ्लाय जातात, मग मेफ्लाय, मग कॅडिसफ्लाय (तिन्ही लहानपणी पाण्यात राहणारे कीटक), मग गोड्या पाण्यातली बारकी झिंग्यासारखी गॅमरस, मग असेलस हा तिचाच चपटा नातेवाईक, आणि शेवटी उरतात ट्यूबिफेक्स हे गांडुळासारखे बारीक किडे आणि लाल अळ्या. तुमच्या जाळीत यातला वरचा कोण सापडला आणि एकूण किती प्रकार मिळाले, यावरून आकडा. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की रात्री गुपचूप सोडलेलं पाणी सकाळी तपासणीची बाटली भरेपर्यंत वाहून गेलेलं असतं, पण हे किडे महिनोन् महिने तिथेच राहतात, त्यांना जे भोगावं लागलं ते लपत नाही.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये यासाठी बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी नावाचा एक गट नेमला, त्यातून त्याच्याच नावाचा बीएमडब्ल्यूपी स्कोअर आला. इथे जात ओळखायची गरज नाही, कूळ म्हणजे जवळच्या जातींचा गट ओळखला की बास, आणि प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. समजा ३ मिनिटं पायाने तळ ढवळून जाळीत चपटी मेफ्लाय (१०), नळीत राहणारी एक कॅडिस (१०), गॅमरस (६), बेटिस मेफ्लाय (४), लाल अळ्या (२) आणि गांडुळवर्गातले (१) मिळाले, तर बेरीज ३३, भागिले ६ कुळं म्हणजे सरासरी ५.५. ही सरासरी जास्त भरवशाची, कारण जास्त वेळ शोधलं की बेरीज वाढते पण सरासरी फारशी हलत नाही. पुढे किती संख्येने सापडले तेही धरणारी सुधारित पद्धत आली.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. जुलै २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या केनेट नदीवर मार्लबरोजवळ किडे मोजणाऱ्या स्वयंसेवकांना अचानक सगळे किडे आणि गॅमरस मेलेले दिसले, तपास झाला आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक निघालं. अगदी थोडंसं, पण सुमारे १५ किलोमीटर नदीतले किडे गेले. पाणी दिसायला तसंच स्वच्छ होतं हो.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डच मदतीने यमुनेवर काम करून बीएमडब्ल्यूपीला भारतीय रूप दिलं. जशीच्या तशी उचलून चालणार नव्हतीच, आपल्या मैदानी नद्यांत गॅमरस कुठून आणणार, इथे गोगलगाई, शिंपले, कोळंबी यांना धरावं लागतं. या पद्धतीत दोन आकडे असतात, एक कुळांचा गुण आणि दुसरा विविधतेचा. विविधतेसाठी ट्रेमधले प्राणी एकामागून एक बघायचे, पुढचा मागच्यासारखाच आहे की वेगळा, एवढंच. मग ए ते ई असे पाच वर्ग, ए म्हणजे स्वच्छ आणि ई म्हणजे अतिशय प्रदूषित.

तरी आपल्या बातम्यांत नदी म्हटलं की बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) आणि डीओच (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) येतात, किड्यांचं नाव नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लागतं काय, एक जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि ओळखीचा तक्ता. फक्त वेळ सांभाळायची, कारण पुराने तळाचे दगडच उलटेपालटे होतात आणि सगळं वाहून जातं, म्हणून पावसाळ्यात नमुना घेऊन उपयोग नाही, पाणी उतरून किडे परत दगडांवर बसायला काही आठवडे द्यायचे. आणि बघून झालं की ट्रेमधलं सगळं परत ओढ्यात सोडायचं, दगडही जसा होता तसाच पालथा ठेवायचा.