हजेरीचं रजिस्टर मालकाचं खासगी नसतं
सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यांत एक समज पक्का बसलाय: हजेरी-पगाराचं रजिस्टर मालकाचं खासगी, युनियनला ते मागताच येत नाही. चूक! ही रजिस्टरं ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तक्रार हाती घेताना युनियनने ती लेखी मागावीत, पण ‘सगळे कागद द्या’ असं मोघम नको. कामगार कोण, महिने कोणते, कपात कसली, तक्रारीशी संबंध काय, एवढं लिहा आणि पोच घ्या. पोच नसेल तर ‘पत्र मिळालंच नाही’ हे उत्तर ठरलेलं. नकार आला तर वाद समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे मालक-कामगार वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, न्या. वादाशी संबंधित कागद मागवून तपासायचा अधिकार त्याला आहे. माहिती अधिकाराचा २००५चा कायदा मात्र खासगी मालकाला थेट लागू नाही. त्या कायद्याखालचा अर्ज सरकारी कामगार कार्यालयाकडे करायचा.