बालवाडीतील चाचणी नेमके काय मोजते?

मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलासमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, दोन्हींत सोंगट्या तितक्याच आहेत ना, असे विचारायचे, मग एक ओळ पसरवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले आता लांब ओळीत जास्त सोंगट्या असल्याचे सांगतात, म्हणून या वयात संख्येची समज पक्की नसते असे मानले गेले. १९७४ मध्ये एडिंबरा येथे मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एवढाच बदल केला, की सोंगट्या मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर टेडी अस्वलाने येऊन विस्कटल्या. तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले.

मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटते. या प्रयोगाच्या अर्थाविषयी पुढे मतभेद झाले, तरी लहान मूल प्रश्नाच्या शब्दांइतकाच विचारणाऱ्याचा हेतूही वाचत असते, ही गोष्ट परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने गंभीरपणे घ्यायला हवी.

सीनियर केजीच्या युनिट टेस्टमध्ये आपण नेमके हेच विसरतो. घरी पानात वाढलेल्या पुऱ्या न चुकता मोजणारी मुलगी ‘चित्रे मोजा व संख्या लिहा’ या प्रश्नापुढे कागद कोरा ठेवते, कारण तिथे मोजण्याबरोबरच सूचना लक्षात ठेवणे, ठरलेल्या वेळात एका जागी बसणे आणि पेन्सिल नीट धरणे अशा कितीतरी गोष्टींची परीक्षा होते. या वयात मनगटातील काही हाडे अजून तयार व्हायची असतात. शिवाय एकाच वर्गातील दोन मुलांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर असू शकते आणि पाच वर्षांच्या मुलासाठी तो आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. गुणांमधला फरक पुष्कळदा या वाढीतला फरक असतो, पण प्रगतिपुस्तकावर तो ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ असा उमटतो, याचे मला फार वाईट वाटते.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चाचण्या आणि परीक्षा अयोग्य ठरवल्या आहेत. त्यांच्या जागी शिक्षिकेचे निरीक्षण हवे: चिंचोके वाटताना मूल एकास एक जोडी लावते का, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते का, आणि महिनाभरापूर्वी हे त्याला कितपत जमत होते. अशा नोंदींना वेळ लागतो आणि पन्नास मुलांच्या वर्गात त्या कठीणच आहेत, म्हणून कमी पटसंख्येची मागणी पालकांनीही लावून धरली पाहिजे.

मूल उशिरा बोलत असेल, त्याला कमी ऐकू येत असेल किंवा कमी दिसत असेल, तर मात्र तपासणी लवकरात लवकर व्हायला हवी. ती तज्ज्ञाने एकेका मुलाची करायची असते आणि वर्गातील क्रमांकाशी तिचा काहीही संबंध नसतो.