मेपल स्ट्रीटवरचे राक्षस कुठून आले?

संध्याकाळचे ६ वाजून ४३ मिनिटं. अमेरिकेतली कुठलीही असू शकेल अशी एक गल्ली. मुलं खेळतायत, आइस्क्रीमवाला आलाय. इतक्यात डोक्यावरून प्रचंड आवाज आणि लखलखाट होऊन काहीतरी निघून जातं. वीज, फोन, रेडिओ, मोटारी सगळंच बंद पडतं. सीबीएस वाहिनीवरच्या ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेतला हा भाग, ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’, ४ मार्च १९६० रोजी प्रथम प्रसारित झाला. जेमतेम पंचवीस मिनिटांचा, कृष्णधवल. रात्र होते तोवर गल्लीतला एक माणूस शेजाऱ्याच्या गोळीनं मेलेला असतो.

या भागाचा बोध सहसा एका वाक्यात सांगतात: संशय माणसाला संपवतो. ते खरंच आहे. पण लेखक रॉड सर्लिंग या गोष्टीपर्यंत कसा पोचला, हे कळलं की तो बोध जास्त बोचतो.

१९५० साली फेब्रुवारीत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी सरकारी खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ जणांची नावं तीत होती. पुरावा काय? कधीकाळी कुठल्या अर्जावर केलेली सही, कुठल्या सभेला लावलेली हजेरी. तेवढ्यावर कामं बंद झाली. मॅकार्थींवर सिनेटनं १९५४च्या डिसेंबरात ठपका ठेवला, तरी याद्यांची भीती पुढे कितीतरी वर्षं टिकली.

सर्लिंगला मात्र थेट चटका बसला तो वेगळ्या प्रकरणात. ऑगस्ट १९५५मध्ये शिकागोहून दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. दोघा गोऱ्या आरोपींना सर्वस्वी गोऱ्या ज्यूरीनं सुमारे तासाभरातच निर्दोष सोडलं, आणि पुढे त्या दोघांनी एका मासिकाकडे खुनाची कबुलीही दिली. ज्या गावानं खुन्यांना पाठीशी घातलं त्या गावावर सर्लिंगला लिहायचं होतं. त्यानं लिहिलंही: ‘नून ऑन डूम्सडे’ हे टीव्ही-नाटक, एप्रिल १९५६. पण त्या काळी कार्यक्रमाचा खर्च जाहिरातदार कंपनी उचलायची आणि संहितेवर तिचाच शेवटचा हात फिरायचा. नाटक टिल प्रकरणावर बेतलंय अशी बातमी फुटली, दक्षिणेतल्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनांनी निषेधाच्या पत्रांचा मारा केला, आणि कात्री चालली. कथा दक्षिणेतून उचलून ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडात नेली. मारला गेलेला माणूस कुठला, कोण, हे न सांगता तो नुसता ‘परका’ झाला. कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा सेटवरून हटवल्या, कारण कंपनी दक्षिणेतली, त्या पाहून दक्षिण आठवली असती! एका मुलाच्या मरणाची गोष्ट होती, आणि धास्ती बाटलीची होती. हे वाचताना मला आजही चीड येते.

त्याच वर्षी सिनेटवरच्या त्याच्या एका नाटकातल्या सिनेटरांना कुठल्याही चालू प्रश्नावर बोलायची मुभा मिळाली नाही. हेच नाटक २०५७ सालात नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते तर ते जास्त प्रौढ झालं असतं, असं त्यानं पुढे लिहिलं. १९५८मध्ये टिलचाच विषय त्यानं पुन्हा घेतला, तेव्हा तो १८७०च्या दशकात आणि एका मेक्सिकन मुलावर ढकलावा लागला. अखेर २ ऑक्टोबर १९५९ला त्याची अद्भुतकथांची मालिका ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झाली. मंगळावरच्या माणसांबद्दल काहीही लिहा, जाहिरातदारांना त्याचं काही नव्हतं.

आता मेपल स्ट्रीटवर परत या. टॉमी नावाचा मुलगा गोष्टीत वाचलेलं सांगतो: परग्रहवासी आधी एक कुटुंब पाठवतात, अगदी माणसांसारखं दिसणारं. मोठी माणसं हसतात, पण एकमेकांकडे बघायला लागतात. लेस गुडमनची गाडी आपोआप सुरू होते, तेव्हा एका शेजारणीला आठवतं की हा रात्री-अपरात्री बाहेर उभा राहून आकाशाकडे बघतो. बिचाऱ्याला झोप येत नसते, एवढंच. स्टीव्ह सगळ्यांना समजावत असतो, तर त्याचा घरातला हौशी रेडिओ (दूरच्या अनोळखी लोकांशी बोलायचा) निघतो. या सवयी शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोरच्या होत्या. नवीन काही सापडलेलं नसतं. जुन्याच माहितीचा पुरावा होतो. ‘रेड चॅनल्स’नं तरी दुसरं काय केलं होतं? माझ्या मते या भागाचं मर्म इथं आहे, शेवटच्या धक्क्यात नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सर्वांत मोठ्यानं ओरडणारा चार्ली अंधारातून येणाऱ्या सावलीवर गोळी झाडतो. ती सावली असते पीट व्हॅन हॉर्नची. शेजारच्या गल्लीत वीज आहे का हे पाहायला तोच गेला होता. आपल्या जागेवरून उठून खरं काय ते बघून येणारा तो एकटा, आणि मरतो तोच. मग चार्लीच्या घरात दिवे लागतात आणि जमाव त्याच्यावर उलटतो. जीव वाचवायला तो बोट दाखवतो टॉमीकडे.

शेवटी टेकडीवर दोन परग्रहवासी दिसतात. त्यांनी फक्त वीज चालू-बंद केलेली असते. त्यांचे पोशाख एमजीएम स्टुडिओच्याच एका आधीच्या अवकाशपटातले. पैसा कमी होता, आणि परग्रहवासी सर्लिंगच्या दृष्टीनं दुय्यमच होते. शेवटच्या निवेदनात सर्लिंगचाच आवाज सांगतो की जिंकायची हत्यारं म्हणजे बाँबच असतात असं नाही, पूर्वग्रहही माणसं मारतात, आणि त्याची झळ अजून न जन्मलेल्या मुलांनाही लागते.

अमेरिकेतल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत ही संहिता नाटकाच्या रूपात आली. वर्गात मुलं भूमिका वाटून घेऊन ती मोठ्यानं वाचतात. टॉमीचे संवाद वाचणारं मूल बहुधा टॉमीच्याच वयाचं असतं.