सीएसाठी नामांकित कॉलेज लागतंच का?

‘सीए व्हायचं तर अकरावीपासून कॉमर्स आणि नामांकित कॉलेजचं बी.कॉम. हवंच,’ हा मेसेज दर निकालानंतर फिरतो. तसा नियम नाही. बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा देता येते. पदवीधर थेट इंटरमिजिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला जातात. त्यासाठी पदवीला वाणिज्यवाल्यांना किमान ५५ टक्के लागतात, इतर बहुतेकांना ६०. पेपर देशभर एकच. कॉमर्सवाल्यांना जर्नल एन्ट्री (हिशेबाच्या नोंदी) आधीपासून येतात, एवढा फायदा खरा. खात्री करायची तर सीए संस्थेच्या संकेतस्थळावर पात्रतेच्या अटी वाचा. ठरावीक कॉलेजची अट सापडणार नाही.

कॉलेजची वेळ मात्र बघाच. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, दोन वर्षांची, त्यात ऑडिटसाठी बाहेरगावी जाणं. सकाळी सातचं कॉलेज असेल तर दहाला ऑफिस गाठता येतं. हजेरीची कडकाई किती, ते तिथेच शिकणाऱ्या, सीए करणाऱ्या मुलांना विचारा.