बर्बेरा बंदर : ५१, ३० आणि १९ टक्क्यांची कथा

सोमालीलँडची गोष्ट १९९१ पासून, म्हणजे सोमालियापासून फारकत घेतल्यापासून, सांगायची रीत आहे. विषय परदेशी पैशाचा असेल तर मात्र २०१६ पासून सुरुवात केलेली बरी. त्या वर्षी दुबईच्या सरकारी मालकीच्या बंदर कंपनीने बर्बेरा बंदर ३० वर्षांसाठी चालवायला घेतले आणि ४४.२ कोटी डॉलर गुंतवण्याचे कबूल केले. तोवर एकाही देशाने मान्यता न दिलेल्या सरकारच्या सहीवर झालेला हा करार.

त्याआधी बाहेरून पैसा येत नव्हता असे नाही. लंडनपासून आखातापर्यंत पसरलेले सोमाली लोक घरी पैसे पाठवत. त्यावर दुकाने, घरे, मोबाइल कंपन्या उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये राजधानी हरगेसाबाहेर नामांकित अमेरिकी शीतपेयाचा कारखाना निघाला, पण तिथेही भांडवल शेजारच्या जिबूतीतल्या सोमाली उद्योगसमूहाचे. खरा परका गुंतवणूकदार फिरकत नसे. मान्यता नाही म्हणजे जागतिक बँकेचे किंवा नाणेनिधीचे कर्ज नाही, बाहेरच्या बँका हमी द्यायला नाखूश, विमा महाग. हरगेसाच्या बाजारात सराफ शिलिंगच्या नोटांच्या थप्प्या विटांसारख्या रचून उघड्यावर बसतात. मोठे व्यवहार मात्र डॉलरमध्ये होतात आणि २००९ पासून तेही मोबाइलवरून.

निर्यातीचा सगळा भार मेंढ्या-बकऱ्यांवर. काळ्या तोंडाची पांढरी मेंढी बर्बेऱ्याहून सौदीला जाते. हजच्या हंगामात बंदर जनावरांनी भरून जाते. २००० मध्ये रिफ्ट व्हॅली तापाच्या धास्तीने सौदीने ही आयात बंद केली आणि बंदी उठायला २००९ उजाडले. रोग ताब्यात आल्यावरही, जनावर निरोगी असल्याचा दाखला द्यायचा कोणी, हा पेच होताच. एका गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत तेव्हा कळली. बंदराचा करार करताना हरगेसाच्या राज्यकर्त्यांच्या मनात ही आठवण नसेल, असे मानणे कठीण आहे.

आता वादाचा मुद्दा. मूळ करारात कंपनीचे ६५ टक्के आणि सोमालीलँडचे ३५ टक्के होते. मार्च २०१८ मध्ये वाटणी बदलली : कंपनी ५१, सोमालीलँड ३०, इथिओपिया १९. एरीट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्र उरलेला नाही आणि त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक व्यापार जिबूतीतून होतो. महिनाभर आधी जिबूतीने याच कंपनीकडून तिथले कंटेनर टर्मिनल काढून घेतले होते. म्हणजे कंपनीला दुसरे दार हवे होते आणि इथिओपियालाही. सोमालीलँडचा हिशेब वेगळा होता : शेजारचा सार्वभौम देश आपल्या सहीच्या करारात भागीदार झाला, तर ती मान्यतेची पहिली पायरी. पाच टक्के सोडून एवढे पदरात पडत असेल तर सौदा वाईट नव्हता.

सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, हे नेमके कळले. तिथल्या संसदेने करार रद्दबातल ठरवला आणि कंपनीला देशभर बंदी घातली. कायद्याच्या भाषेत मोगादिशूची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जगाच्या नकाशावर बर्बेरा सोमालियातच आहे. पण १९९१ नंतर तिथे त्यांचा एक जकात कारकूनही बसलेला नाही. बंदीने धक्क्यावरचे काम एक दिवसही थांबले नाही.

करार मोडकळीला आला तो दुसऱ्याच टोकाला. इथिओपियाने वाटा ताब्यात घेण्याच्या अटी पुऱ्या केल्या नाहीत आणि २०२२ मध्ये तो १९ टक्क्यांचा हक्क गेला. तोवर, जून २०२१ मध्ये, ४०० मीटरच्या धक्क्याचे नवे टर्मिनल सुरू झाले होते, वर्षाला पाच लाख कंटेनरची क्षमता सांगणारे. ब्रिटनची सरकारी विकास-वित्त संस्थाही भागीदार झाली. इथिओपियाच्या सीमेवरच्या वजालेपर्यंतचा रस्ता अबुधाबीच्या पैशातून झाला आणि २०२३ मध्ये बंदरामागे आर्थिक क्षेत्र उघडले.

मागचा इतिहास थोडक्यात. १८८४ मध्ये इंग्रज आले ते एडनच्या छावणीला मटण पुरवण्याच्या सोयीसाठी. एडन तेव्हा मुंबई इलाख्याखाली, त्यामुळे बर्बेऱ्याचा कारभार १८९८ पर्यंत हिंदुस्थानातूनच चाले. रुपया तर तिथे त्यानंतरही बरीच वर्षे चालत होता. २६ जून १९६० ला स्वातंत्र्य मिळाले आणि पाचच दिवसांनी इटालियन सोमालियाशी विलीनीकरण झाले. १९८८ मध्ये मोगादिशूच्या विमानांनी हरगेसा बेचिराख केले. मे १९९१ मधली फारकत या बॉम्बफेकीशिवाय समजत नाही.

अलीकडे वेग वाढला आहे. जानेवारी २०२४ मध्ये इथिओपियाने २० किलोमीटर किनारा ५० वर्षांसाठी मागणारा सामंजस्य करार केला. मोगादिशू खवळले आणि डिसेंबरमध्ये अंकारात इथिओपियाने सोमालियाच्या अखंडतेचा आदर मान्य केला. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने सोमालीलँडला मान्यता दिली, अशी मान्यता देणारा तो पहिलाच देश. पूर्वेकडे मात्र २०२३ मध्येच लास अनोद शहर सोमालीलँडच्या हातचे गेले. बंदर, रस्ता, आर्थिक क्षेत्र हे सारे पश्चिमेच्या पट्ट्यात, ही पूर्वेकडच्या कुळांची जुनी तक्रार. आणि ज्या मालासाठी हा धक्का बांधला, तो इथिओपियाचा माल अजूनही मुख्यतः जिबूतीमार्गेच जातो.